फोटो तिचा, निर्णयही तिचाच

२० ऑगस्ट २०२४ या एका तारखेला देशात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून मारल्या गेलेल्या तरुण डॉक्टरचे नाव, फोटो आणि मृतदेहाच्या चित्रफिती सर्व समाजमाध्यमांवरून काढून टाकाव्यात. अजमेरच्या विशेष न्यायालयाने १९९२ सालच्या फोटो-ब्लॅकमेल प्रकरणातल्या आणखी सहा आरोपींना जन्मठेप सुनावली. आणि आपल्या बदलापुरात, शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार घेताना पोलिसांनी आईवडिलांना तासन्‌तास ताटकळत ठेवले म्हणून हजारो माणसे रेल्वेच्या रुळांवर उतरली.

या तीन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहायला हव्यात. कोलकात्यात जे चित्र कुणाच्याच नजरेस पडायला नको होते ते फोनाफोनांतून फिरले. फिरवणाऱ्यांत गुन्हेगाराचे पाठीराखे नव्हते. न्याय मागणारी, हळहळणारी, संतापलेली माणसेच ते फिरवत होती. अजमेरमध्ये फोटो हेच गुन्ह्याचे हत्यार होते. बदलापुरात मात्र त्या मुलींचा एकही फोटो कुणी पाहिला नव्हता, त्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती, तरी दिवसभर लोकल थांबल्या. पुढे त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याच्यापुरती साक्षीपुराव्याने न्याय होण्याची वाट बंद झाली, हा वेगळा आणि तितकाच गंभीर प्रश्न आहे. पण लोकांच्या मनात चीड निर्माण व्हायला चित्राची गरज नसते, एवढे बदलापूरने दाखवून दिले.

अत्याचार झालेल्या बाईचे चित्र पसरवण्याविरुद्ध कायदा असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. कायदे आहेत, आणि एकापेक्षा जास्त आहेत. वाद आहे तो हे कायदे कशाचे रक्षण करतात याबद्दल. बाईच्या अब्रूचे, समाजाच्या सभ्यतेचे, की तिच्या स्वतःच्या निर्णयाच्या हक्काचे? या प्रश्नाचे उत्तर स्त्री-संघटनांनी स्पष्टपणे दिले नाही, तर कायदा कागदावर राहील आणि चित्रे फिरत राहतील.

आधी अजमेरकडे पाहू. शाळा-कॉलेजातल्या मुलींना ओळखीचा बहाणा करून बोलवायचे, अत्याचार करताना फोटो काढायचे, आणि त्या फोटोंच्या धाकाने तिला पुन्हा पुन्हा यायला, शिवाय मैत्रिणींनाही घेऊन यायला भाग पाडायचे, अशी ती पद्धत होती. करणारी माणसे शहरातली वजनदार, राजकारणात ऊठबस असलेली. फोटोंचे रोल ज्या लॅबमध्ये धुवायला गेले तिथूनच प्रती बाहेर फुटल्या. ज्यांचा मूळ गुन्ह्याशी संबंध नव्हता अशांच्या हातीही त्या लागल्या, आणि तेही मुलींना धमकावू लागले. खटला तब्बल ३२ वर्षे रेंगाळला. पन्नाशीला आलेल्या, नातवंडे झालेल्या बायकांना साक्षीसाठी समन्स येत राहिले. जुन्या जखमेची खपली दर वेळी निघत राहिली.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९९४ साली जळगावचे प्रकरण उघडकीस आले तेव्हाही मुलींना अडकवून ठेवणारी बेडी म्हणजे फोटो आणि चित्रफितीच होत्या. चर्चा गावोगाव होती, पण तक्रार द्यायला मोजक्याच मुली पुढे आल्या. कारण साधे होते. तक्रार केली तर फोटो बाहेर येईल, आणि फोटो बाहेर आला की गुन्हेगारापेक्षा तिलाच तोंड लपवावे लागेल, हे प्रत्येकीला पक्के ठाऊक होते.

तेव्हा आणि आता यांत फरक पडला तो प्रतींच्या संख्येत. तेव्हा एक प्रत काढायला लॅब लागे, कागद लागे, एखादा लोभी नोकर लागे. आज एक बोट पुरते. तेव्हा प्रती जप्त करून जाळता येत. आज एका ठिकाणचे चित्र काढले तरी दहा ठिकाणी ते उरलेले असते. अत्याचार एकदा होतो, पण त्याचे चित्र प्रत्येक नव्या फोनवर उघडते तेव्हा तो पुन्हा घडतो. म्हणून पसरवणे हा मूळ गुन्ह्याचा पुढचा अंक मानला पाहिजे. त्याकडे केवळ बेजबाबदारपणा म्हणून पाहून चालणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. या कायद्याचा उगम आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्या मंथनातून १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. त्याच वेळी भारतीय दंड विधानात कलम २२८-अ आले. बलात्कार झालेल्या स्त्रीचे नाव किंवा तिची ओळख पटेल अशी कोणतीही बाब छापणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

त्या मुलीचा खटला आजही तिच्या पहिल्या नावानेच ओळखला जातो. इथे ते नाव मुद्दाम लिहिलेले नाही. देशातला कायदा जिच्यामुळे बदलला, तिला आपले नाव घोषणांत आणि पाठ्यपुस्तकांत हवे होते का, हे कधी विचारले गेले?

विधेयक आले तेव्हाच काही स्त्री-कार्यकर्त्यांनी प्रसिद्धीबंदीला हरकत घेतली होती. हे पत्रकारांचे तोंड बांधणे आहे, कोठडीतल्या बलात्काराच्या बातम्याच त्यामुळे दाबल्या जातील, अशी त्यांची शंका होती. ती शंका आजही विसरून चालणार नाही. बाईच्या नावाखाली आणलेला पडदा कधी कधी बाईवर अत्याचार करणाऱ्या सत्तेलाच झाकतो.

१ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम आता ७२ आणि ७३ या क्रमांकांनी ओळखले जाते. अत्याचार झालेले मूल असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ लागू होते. मुलाचे नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, यांतले काहीही उघड करायचे नाही. २०१८ साली कठुआच्या लहान मुलीचे नाव आणि फोटो सर्रास दाखवल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक प्रसारमाध्यमांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. छापील, दूरदर्शन, समाजमाध्यम, कुठेही नाव नको. दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील नको. बाई मरण पावली असली तरीही नको. बलात्काराची प्रथम खबर पोलिसांनी सार्वजनिक संकेतस्थळावर टाकायची नाही. नातेवाइकांना मृत स्त्रीचे नाव उघड करावेसे वाटले तरी त्याचा निर्णय सत्र न्यायाधीशांकडे.

वाचताना वाटते, एवढे सगळे असताना आणखी काय हवे? पण केंद्रात आलेल्या बाईच्या बाजूने हे कायदे लावून पाहिले की भोके दिसू लागतात.

पहिले भोक म्हणजे कलम ७२ फक्त बलात्कार आणि त्याच्या निरनिराळ्या प्रकारांपुरते आहे. बाईला भर रस्त्यात विवस्त्र केले, तर तिची ओळख या कलमाच्या संरक्षणात येत नाही. ॲसिड फेकले गेले, हुंड्यासाठी जाळले, जातीबाहेर लग्न केले म्हणून भावाने मारले, नवऱ्याच्या मारहाणीत जीव गेला, यांतले काहीच त्यात बसत नाही. जळालेल्या बाईचा वॉर्डातला फोटो किंवा गळफासाला लटकलेल्या सुनेचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, तेव्हा तो टाकणाऱ्याला कोणत्या कलमाखाली धरायचे याचे सरळ उत्तर ठाण्यावर मिळत नाही.

दुसरे भोक जास्त खोल आहे. चित्राबद्दलची मुख्य कलमे माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहेत. कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल वा पाठवण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. कलम ६७-अ उघड लैंगिक कृतीच्या चित्रांबद्दल पाच वर्षांपर्यंत. या कलमांचा पाया काय? पाहणाऱ्याच्या मनात कामुकता चाळवते का, हा. म्हणजे बलात्काराचे चित्रण आणि अश्लील सिनेमा यांना कायदा एकाच तागडीत तोलतो. समाजाची रुची बिघडली का, हे तो विचारतो. त्या बाईवर काय गुदरले, हे विचारत नाही. अत्याचाराचे चित्र अश्लील असते म्हणून ते गुन्हा आहे असे मानले, की अंगभर कपडे असलेल्या मृतदेहाचा फोटो निर्दोष ठरतो. आणि अत्याचाराविरुद्ध प्रबोधन करणाऱ्या एखाद्या माहितीपटावर मात्र अश्लीलतेचा बडगा येऊ शकतो.

२०१३ च्या दुरुस्तीने आलेले चोरून पाहण्याविरुद्धचे कलम, आता न्याय संहितेतले ७७, याला थोडा अपवाद आहे. फोटो काढायला बाईची संमती होती, पण तो इतरांना दाखवायला नव्हती, तर पसरवणे हा गुन्हा, असे ते स्वच्छ सांगते. आपल्या कायद्यात संमतीची अशी दुहेरी समज फार कमी ठिकाणी आहे. पण हे कलम खासगी क्षणांपुरते आहे. जमावाने शेतात, रस्त्यात, चौकात केलेल्या अत्याचाराचे चित्रण त्यात नीट बसत नाही. म्हणजे जिथे बाईने कशालाच संमती दिलेली नव्हती, तिथेच संमतीची भाषा कायदा विसरतो.

आणि आता सर्वांत अवघड प्रश्न. चित्र बाहेर आले नाही तर दाद कोण घेतो?

मणिपूरची आठवण ताजी आहे. ४ मे २०२३ रोजी जमावाने बायकांना विवस्त्र करून धिंड काढली. १८ मे रोजी झिरो एफआयआर नोंदला गेला. त्यानंतर दोन महिने काहीही झाले नाही. राज्यात इंटरनेट बंद होते. १९ जुलैला व्हिडिओ बाहेर आला, आणि दुसऱ्याच दिवशी पहिली अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी स्वतःहून दखल घेतली. सरकारनेही व्हिडिओ काढून टाका असे समाजमाध्यमांना सांगितले. पुढे न्यायालयाने तीन निवृत्त स्त्री न्यायाधीशांची समिती नेमली. त्यांत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या, आणि तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलिस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमले. मग कुणी म्हणेल, तो व्हिडिओ पसरला नसता तर हे झाले असते का?

खैरलांजीबद्दलही हेच म्हटले जाते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारले. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांची कुजबुज होती, जातीचे नाव नव्हते. मृतदेहांचे फोटो कार्यकर्त्यांच्या हातून फिरले, आणि राज्यभर दलित जनता रस्त्यावर आली. ज्यांच्या शब्दावर पोलिस, डॉक्टर, पत्रकार कुणीच विश्वास ठेवत नाही, त्यांना चित्र दाखवावे लागते, हा युक्तिवाद हवेतला नाही. तो खैरलांजीच्या अनुभवातून आलेला आहे. सवर्ण, शहरी घरातून बोलताना तर तो उडवून लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तरीही त्याला उत्तर द्यायला हवे. खैरलांजीच्या फोटोंनी रस्ता पेटवला, पण न्यायालयात काय झाले? शिक्षा झाल्या, पण खुनाच्या. ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. बायकांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल शिक्षा झाली नाही. कारण तिथे फोटोंनी भागत नाही. तिथे पंचनामा लागतो, वेळेवर आणि नीट केलेली शवचिकित्सा लागते, योग्य कलमे लावलेली फिर्याद लागते. नेमके तेच कच्चे राहिले होते. चित्र गल्लोगल्ली पोहोचले आणि पुरावा न्यायालयापर्यंत पोहोचला नाही. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एक केले म्हणजे दुसरे झाले असे होत नाही.

मणिपूरमध्येही दोष व्हिडिओ नसण्याचा नव्हता. तक्रार लिहून दिलेली होती. सरकारी यंत्रणेने ती उघडून पाहिली नाही. लैंगिक अत्याचाराची खबर नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी, असे कलम २०१३ पासून कायद्यात आहे. आज ते न्याय संहितेत १९९ क्रमांकावर आहे आणि विवस्त्र करण्याचा गुन्हाही त्यात येतो. हद्द आमची नाही असे म्हणून बाईला परत पाठवता येत नाही, हेही आता नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेले आहे. किती ठाणेदारांवर ही कलमे लावली गेली? बाईचा शब्द पुरेसा मानायचा नाही आणि तिचे उघडे शरीर पाहिल्यावरच हलायचे, ही शासनाची सवय मोडायची आहे. चित्रे पसरवत राहिलो तर ती सवय आपणच पक्की करतो. उद्या ज्या बाईकडे व्हिडिओ नसेल, तिला विचारले जाईल, ‘पुरावा कुठे आहे?’ आणि बहुतेक बायकांकडे व्हिडिओ नसतोच.

मणिपूरच्या त्या दोन स्त्रिया स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि आपली ओळख गुप्त ठेवून गेल्या. न्याय हवा आणि ओळखही जपायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्यांनीच दाखवले.

उलट बाजूनेही पाहू. गुप्तता ही बाईवर लादायची शिक्षा होता कामा नये. राजस्थानच्या भटेरी गावची साथिन भंवरी देवी १९९२ सालच्या अत्याचारानंतर स्वतःच्या नावाने उभी राहिली. तिच्या लढ्यामुळे १९९७ साली विशाखा निकाल आला आणि कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध प्रत्येक नोकरदार बाईला आधार मिळाला. बिल्किस बानो हिचा खटला गुजरातबाहेर मुंबईत चालला. २०१७ साली ती पत्रकारांसमोर आपल्या चेहऱ्याने बसली. २०२२ मध्ये गुन्हेगारांना सोडले तेव्हा ती पुन्हा न्यायालयात गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द झाली. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेतल्या मुलीच्या आईने २०१५ साली जाहीर सभेत लेकीचे नाव घेतले. आपल्याला लाज वाटण्यासारखे काही नाही, लाज गुन्हेगारांना वाटावी, अशी तिची भूमिका होती.

यांतल्या कुणाला कायद्याने अडवू नये. बाईने लेखी परवानगी दिली तर नाव प्रसिद्ध करता येते, अशी तरतूद १९८३ पासून आहे. ती फार कमी जणींना माहीत असते. पोलिस, वकील आणि कधी संस्थासुद्धा, तिला फक्त ‘तुझे नाव बाहेर जाणार नाही’ एवढेच सांगतात. ‘तुला हवे तर तू बोलू शकतेस’ हे वाक्य राहून जाते. गुप्तता हे कवच असावे, कुलूप असू नये. आणि कुलूप असलेच तर त्याची किल्ली तिच्या हातात असावी. तिच्या बापाच्या, नवऱ्याच्या, ठाणेदाराच्या किंवा संघटनेच्या हातात नव्हे.

ही कसोटी लावली की गोष्टी सुटसुटीत होतात. अजमेरचे फोटो का वाईट? तिच्या संमतीशिवाय काढले आणि फिरवले म्हणून. कोलकात्याच्या डॉक्टरचे चित्र का फिरवू नये? ती आता हो किंवा नाही म्हणू शकत नाही म्हणून. बिल्किसचा चेहरा वर्तमानपत्रात का योग्य? तिने स्वतः ठरवले म्हणून. अब्रू, लज्जा, अश्लीलता, कुटुंबाची इभ्रत, यांतल्या एकाही शब्दाची इथे गरज पडत नाही.

मैत्रिणींनो, कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. केंद्रावर रोज लागणाऱ्या काही गोष्टी मांडून ठेवते.

अत्याचाराचा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर तो पुढे पाठवू नका. ‘आरोपीला ओळखा’ म्हणूनही नाही. २०१५ साली हैदराबादच्या प्रज्वला संस्थेच्या सुनीता कृष्णन यांच्याकडे असे व्हिडिओ आले तेव्हा त्यांनी बायकांचे चेहरे झाकून फक्त गुन्हेगारांचे चेहरे लोकांसमोर ठेवले, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतले. केंद्र सरकारचे सायबर गुन्हे तक्रार पोर्टल सुरू होण्यामागे तो खटला होता. त्या पोर्टलवर बायका आणि मुलांविषयीच्या चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. हे खेडोपाडीच्या गटांना सांगितले पाहिजे.

पुरावा म्हणून चित्र लागणार असेल, तर ज्या फोनवर ते मुळात आले तो फोन तसाच जपा. काटछाट करू नका, दुसऱ्या फोनवर घेऊन मूळ पुसू नका. कुणाकडून, कोणत्या दिवशी, किती वाजता आले ते वहीत लिहा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि दहा हातांतून गेलेल्या प्रतीपेक्षा मूळ फोन न्यायालयात जास्त टिकतो. लहान मुलाचे चित्र असेल तर जास्तच सावध राहा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. ते गटावर चर्चेला ठेवायचे नाही. ताबडतोब कळवायचे आणि वकिलाचा सल्ला घ्यायचा.

चित्र काढून टाकण्यासाठी कंपनीकडे तक्रार बाई स्वतः करू शकते किंवा तिच्या वतीने दुसरे कुणी. २०२१ च्या नियमांनी नग्न, लैंगिक किंवा बनावट जोडकाम केलेल्या चित्रांसाठी कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली होती, नंतर ती आणखी आखूड झाली. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की एकदा चित्र काढायचे ठरल्यावर त्याच चित्राच्या प्रत्येक नव्या पत्त्यासाठी बाईला पुन्हा पुन्हा दारात उभे करू नये. तंत्र उपलब्ध आहे, ते कंपन्यांनी वापरावे. प्रत्येक चित्राचा बोटाच्या ठशासारखा एक आकडी ठसा काढता येतो आणि त्यावरून तेच चित्र पुन्हा आले तर ओळखता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सोय याच तत्त्वावर चालते. तिथे बाईचे चित्र तिच्याच फोनमध्ये राहते, फक्त ठसा पाठवला जातो. ही सोय प्रौढ बायकांसाठी आहे.

आणि मोर्चाच्या फलकांवर तिचा फोटो लावण्यापूर्वी थांबा. ती जिवंत असेल तर तिला विचारा. आज हो म्हणाली म्हणजे कायमचे हो, असे समजू नका. ती नसेल तर फलकावर घटना लिहा, गाव लिहा, तारीख लिहा, ठाण्याचे नाव लिहा, किती दिवस गुन्हा नोंदला नाही तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा. शरम ज्यांना वाटायला हवी, त्यांचा पत्ता फलकावर असू द्या.

शासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. ओळख जपण्याचे संरक्षण बलात्कारापुरते न ठेवता विवस्त्र करणे, ॲसिडहल्ला, कौटुंबिक हिंसा, हुंडाबळी आणि जातीय अत्याचार यांतल्या प्रत्येक स्त्रीला मिळावे. अत्याचाराचे चित्र पसरवणे हा अश्लीलतेच्या कलमांतून बाहेर काढून, संमतीच्या पायावर उभा असलेला स्वतंत्र गुन्हा करावा. घटनास्थळ, रुग्णालय, शवागार आणि पोलिस ठाणे इथे सामान्य माणूस पोहोचत नाही. म्हणून तिथला फोटो फुटला तर तो कुणाच्या हातून फुटला याची चौकशी सक्तीची व्हावी. शिक्षेचे पहिले लक्ष्य मूळ फोडणारा असावा. घाबरून एकदा पुढे पाठवणाऱ्या पोरावर सगळा कायदा आणि वर्दीतल्या माणसाला मोकळीक, असे चालणार नाही. प्रत्येक बाईला तिच्या भाषेत, लेखी, तिचे नाव गुप्त ठेवण्याचा आणि तिला हवे तर उघड करण्याचा, असे दोन्ही हक्क सांगणे ठाण्यावर बंधनकारक व्हावे. आणि बातमीवर, तपासातल्या दिरंगाईच्या चर्चेवर, न्यायालयाच्या निकालाच्या टीकेवर या कायद्याचा हात पडू नये. बाईची ओळख झाकायची आहे. पोलिसांची कसूर झाकायची नाही.

अजमेरच्या बायकांनी ३२ वर्षे वाट पाहिली. त्यांच्यातल्या अनेकींनी साक्ष द्यायला नकार दिला आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारेही कमी नव्हते. त्या का आल्या नाहीत, याचे उत्तर त्या फोटोंत होते. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पाकिटात एखादी प्रत अजून असेल का, हे त्यांना कधीच कळणार नव्हते. आज एखाद्या मुलीच्या मनात तोच प्रश्न असतो आणि तिच्यासमोर कपाटे कोट्यवधी असतात. त्यांतले एक कपाट तुमच्या हातातला फोन आहे. निदान तिथे तरी ती सुरक्षित आहे, एवढी खात्री तिला देणे कोणत्याही कायद्याची वाट न पाहता आजपासून शक्य आहे.